पाचव्या माळेचं वजन

"वहिनी, सव्वाचौसष्ट," मौलाचाचांनी सायकलवरून न उतरता, एक पाय आमच्या पायरीला टेकून सांगितलं.

छबू ओले हात पदराला पुसत दारात आली. "म्हंजे किती कमी झालं?"

"घट बसले त्या दिवशी सहासष्ट हुतं. तुम्हीच करा वजाबाकी."

वजाबाकी छबूच्या आधी समोरच्या गोदाक्कांनी केली. त्या खिडकीत बसून शेंगा फोडत होत्या. "पावणेदोन किलो. अगं बया, तिसऱ्या माळेलाच पावणेदोन किलो. नवव्या माळेला घटाबरोबर नवराबी उठतोय का बघ."

गल्ली हसली. छबूही हसली. मी चाचांच्या मागे दहा पावलांवर उभा होतो आणि माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. माझं वजन पावणेदोन किलोनं उतरलं ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वी, नवरात्रात, अशी सगळ्यांना एकदम कळली.

मी तोलाईदार होतो. कोल्हापूरच्या गूळबाजारात शेतकऱ्याचा माल आला की तो काट्यावर ठेवायचा, दांडीवरचा आकडा वाचायचा आणि मोठ्यानं सांगायचा, हे माझं काम. शेतकरी एका बाजूला, व्यापारी दुसऱ्या बाजूला, आणि दोघंही काट्याकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघायचे. मौलाचाचा म्हणजे मौला मुजावर. ते त्याच बाजारातले जुने हमाल. गुळाच्या तीस किलोच्या ढेपेला आमच्याकडं रवा म्हणतात. तो ते साठीतही एका दमात काट्यावर चढवायचे.

छबू माझी बायको. तिला जाऊन आता चौदा महिने झाले. मला लिहायची सवय नाही. आयुष्यभर मी आकडेच जास्त बोललो. पण हे एवढं लिहून ठेवावं असं यंदाच्या नवरात्रापासून वाटत होतं.

आमच्या घरात घट बसले की एका माणसानं नऊ दिवस उपास धरायचा. आधी माझी आई धरायची. ती गेल्यावर छबूनं आठ वर्षं धरला. आईनं घालून दिलेला नेम कडक होता. दिवसभर नुसतं पाणी. चहासुद्धा नाही. संध्याकाळी आरती झाली की वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी आणि एक केळं. तेवढ्यावर दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ गाठायची.

त्या वर्षी छबूला पाचवा महिना होता. याआधी दोन वेळा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं की अंगात रक्त कमी आहे, तीन तासांच्या वर उपाशी राहायचं नाही, देवाधर्माचं काहीही असलं तरी. छबू मान हलवत होती. मला ती मान माहीत होती. ती नुसती ऐकून घेणारी मान होती.

घरी आल्या आल्या तिनं फडताळातनं वरीच्या तांदळाचा डबा काढला आणि पुसायला घेतला.

"छबू, बाई काय म्हणाल्या?"

"ऐकलंय की मी."

"मग हा डबा?"

"घट बसायचं थांबणार हायत व्हय? एक माणूस लागतंयच." ती माझ्याकडं न बघता डबा पुसत होती. "दोनदा झालं ते कशानं झालं, कुणाला ठावं हाय? आता तिसऱ्या खेपेला मी देवीचा नेम मोडू? आणि काय झालं तर जन्मभर तेच डोक्यात घिऊन बसू?"

माझा देवावर विश्वास बेताचाच होता. पण तिच्या डोक्यात एकदा ते बसलं तर निघणार नाही, हे मला कळत होतं.

"एक माणूसच लागतंय न्हवं? मी धरतो."

छबूनं डबा खाली ठेवला आणि ती हसायलाच लागली. हसता हसता भिंतीला टेकून खाली बसली. "तुम्ही? नळाला पाणी यायच्या आधी दोन कप चहा लागतोय तुम्हाला. माझ्या मावशीच्या बाराव्याला पंगत बसायच्या आधी आचाऱ्याला जाऊन विचारत हुतासा, आमटी तिखट केलीय न्हवं म्हणून."

"धरतो म्हटलं न्हवं."

"आणि बाजारात भज्याचा घाणा दिसला तर? तुम्ही बाहेर खाणार, आणि मी हितं नेम चाललाय समजून जेवत बसणार. मला कसं कळायचं?"

तिनं बराच वेळ विचार केला. मग तिला जे सुचलं ते तोलाईदाराच्या बायकोलाच सुचलं असतं. "तुमच्याकडं काटा हाय की. रोज सांजंला काट्यावर उभं राहायचं. उपाशी माणूस उतरतंयच. आणि आकडा तुम्ही न्हाई सांगायचा, चाचांनी येऊन सांगायचा. आकडा उतरतोय तवर मी पोटभर जेवीन. ज्या दिवशी चढला, त्या दिवशी हा डबा मी उघडणार."

असं ठरलं.

पहिल्या दिवशी दुपारी बारा वाजता माझं डोकं ठणकायला लागलं. कानाच्या वर कुणीतरी बत्ता मारतंय असं वाटत होतं. मी चाचांना म्हटलं, भूक लई वाईट.

"ही भूक न्हवं," चाचा म्हणाले. ते रमजानात महिनाभर रोजे धरून हमाली करायचे, त्यामुळं यातलं त्यांना सगळं माहीत होतं. "हे चहाचं दुखणं हाय. उद्या वाढंल, परवा जाईल. बडबड करू नको, तोंड सुकतंय. सावलीला राहा. आणि कुणी खात असंल तर तिकडं बघत बसू नको."

"मी कुठं बघतोय?"

"त्या पोरीच्या हातातला पेरू तू मघापासनं बघायलायस."

दुसऱ्या दिवशी डोकं जास्त दुखलं आणि स्वभाव बिघडला. एका व्यापाऱ्याशी मी दोरीच्या गाठीवरून भांडलो. भर उन्हात तळहात गार पडले. नाक मात्र असं तीक्ष्ण झालं की कुठल्या दुकानात आलं घालून चहा केलाय आणि कुठल्या दुकानात वेलदोडा घालून, ते मला रस्त्यावरून कळायचं. तिसऱ्या दिवशी डोकं खरंच थांबलं. पट्टा एक भोक आत गेला. अंग हलकं झालं. जिना चढताना मी वर पोचायचो आणि पाय मागून यायचे, असं काहीतरी. भूक लागायची तेव्हा जोरात लागायची आणि दहा मिनिटांनी आपली आपण निघून जायची. हे मला नवीन होतं. मला वाटायचं ती एकदा आली की खाल्ल्याशिवाय हलत नाही.

संध्याकाळी मात्र हाल. माझा वरीचा भात चार मिनिटांत संपायचा. मग छबू जेवायची. जेवण ही आता तिला नुसती परवानगी नव्हती, ते तिचं कामच झालं होतं. भाकरी, शेपूची भाजी, वर दूध. ती कुडुमकुडुम कांदा खायची आणि मी भिंतीकडं तोंड करून बसायचो.

"तिकडं काय बघायलायसा?"

"पाल हाय का बघतोय."

"हितं बघा की, शेपू लई चांगली झालीया."

दोन्ही वेळेला चौथ्या महिन्यात तिचा चेहरा उतरत गेलेला मी बघितला होता. या खेपेला तो भरत होता. मी उतरत होतो आणि ती चढत होती, आणि रोज संध्याकाळी चाचांची घंटी वाजली की गल्लीतल्या चार-पाच खिडक्या उघडायच्या. चौथ्या माळेला आकडा आला पावणेचौसष्ट. गोदाक्का म्हणाल्या, "छबू, ह्यांचे जुने शर्ट टाकू नगं. लग्नातला सदरा परत बसंल आता."

पाचव्या माळेला आभाळ भरून आलं होतं. हंगाम नुकता सुरू होत होता, नवा गूळ यायला लागला होता, आणि माझ्या जोडीचा तोलाईदार साठे नवरात्राची रजा घेऊन गावी गेला होता. सकाळी आठपासून मी एकटा काट्यावर होतो. दुपारी एकच्या सुमारास पन्हाळ्याकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा माल लागला. चाचांनी रवा ठेवला. मी दांडीवर वजन सरकवलं, रेघ बघितली आणि आकडा सांगितला. "अठ्ठावीस."

चाचा पुढचा रवा उचलायला वाकले होते. ते तसेच थांबले. "किती?"

"अठ्ठावीस."

"परत बघ."

मी परत बघितलं. रेघा पाण्याखाली असल्यासारख्या हलत होत्या. मी डोळे मिटून उघडले. तीस होते. पुरे तीस.

म्हाताऱ्याला काही कळलंच नव्हतं. तो माझ्या तोंडाकडं बघत होता, आणि मी अठ्ठावीस म्हटल्यावर त्यानं मान हलवली होती. अकरा वर्षांत माझा आकडा कधी चुकला नव्हता.

चाचांनी मला पोत्यांच्या थप्पीमागं नेलं. "हे बघ रंगराव. मी रोजा धरून रवे उचलतो. हातातनं सुटला तर माझ्याच पायावर पडंल. काटा मी वाचत न्हाई. तुझा आकडा सुटला तर दुसऱ्याच्या पायावर पडतोय."

"मग काय करू? साठे गावी गेलाय. भाईर गाड्या लागल्यात."

"मी तुला खा म्हणणार न्हाई. ते तुझं तू बघ. असल्या डोळ्यांनी वाचू नको, एवढंच म्हणतोय."

त्यांनी स्वतःच्या जेवणाचा डबा उघडला होता. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, कांदा आणि लसणाची लाल चटणी. काटा बंद ठेवला तर गाड्यावाले उद्यापर्यंत अडकणार, चालू ठेवला तर आणखी कुणाचे किती किलो जाणार, याचा मी विचार केला. खोटं कशाला बोलू, फार वेळ केला नाही. मी दीड भाकरी खाल्ली. चटणी सगळी खाल्ली. वर दोन तांबे पाणी आणि दोन कप चहा. चाचा तोवर आभाळाकडं बघत बसले होते. उरलेली अर्धी भाकरी त्यांनी खाल्ली.

पंधरा-वीस मिनिटांत रेघा जागेवर आल्या. मी बाहेर येऊन सांगितलं की सकाळी दहापासूनचा माल परत काट्यावर घ्यायचा. लोकांनी मला मनसोक्त शिव्या दिल्या. आणखी दोन चुका निघाल्या.

संध्याकाळी काटा बंद करताना चाचा म्हणाले, "उभा राहा."

"आज राहू दे."

"वहिनीला शब्द दिलाय मी."

मी उभा राहिलो. साडेचौसष्ट.

"मी आकडा सांगणार," चाचा म्हणाले. "हाय तो सांगणार. त्यांनी मला भाकरीचं विचारलं तर तेपण सांगणार. न विचारता काही सांगणार न्हाई. त्याच्यापुढं तुझं घर हाय."

रस्ताभर मी वाक्य जुळवत आलो. छबू, आज आकडा चुकला, म्हणून खाल्लं. एवढंच म्हणायचं होतं. ती चिडेल, मग समजेल, असं मला वाटत होतं. ती समजूतदार होती.

"वहिनी, साडेचौसष्ट," चाचांनी सांगितलं आणि पायरीला पाय न टेकताच सायकल पुढं काढली. एवढ्या वेगात मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

गोदाक्का खिडकीतून म्हणाल्या, "काल पावणेचौसष्ट हुतं की गं."

छबू आत गेली. मी मागून गेलो. तिचं ताट वाढून ठेवलेलं होतं. तिनं त्याच्यावर झाकण ठेवलं, फडताळ उघडलं आणि वरीचा डबा काढून मांडीवर घेतला.

"काय खाल्लासा?"

माझं वाक्य तयार होतं. पण ती डबा दोन्ही हातांनी धरून बसली होती, पोटाशी, आणि झाकण उघडायचं तेवढं बाकी होतं. अजून चार दिवस होते. चार दिवस ती सकाळपासून आरतीपर्यंत नुसत्या पाण्यावर राहणार होती.

"काही न्हाई," मी म्हणालो.

"मग पाऊण किलो काय आभाळातनं पडलं?"

मी दारातून बाहेर बघितलं. आभाळ काळं झालं होतं.

"व्हय," मी म्हणालो. "आभाळातनंच पडलंय."

आणि मग मी बोलायला लागलो. आयुष्यात एका दमात एवढा कधी बोललो नव्हतो. मी म्हटलं, छबू, गुळाचा रवा गुऱ्हाळातनं येतो तेव्हा ओला असतो. पहिले चार दिवस तो वजन सोडतो. पाव किलो, अर्धा किलो, कधी जास्तच. ते काय गूळ उतरत नाही, आतलं पाणी जातं. चार दिवसांनी तो थांबतो. मग उन्हात ठेवला तरी उतरत नाही, कारण जायला पाणीच राहिलेलं नसतं.

"तुम्ही गूळ हायसा व्हय?"

"माणसाचं अंग म्हणजे तरी काय? पाणीच की. चार दिवस ते गेलं. आता थांबलं."

"थांबलं तर तितकंच राहील. चढलं कसं?"

"आज हवा कशी हाय बघ. आभाळ आलं की कोरडा गूळ हवेतलं पाणी ओढतो. काल तीस भरलेला रवा आज तीसच्या वर जातो. मी डोळ्यांनी बघतोय अकरा वर्षं. म्हणून काय रव्यानं भाकरी खाल्ली?"

भाकरी हा शब्द तोंडातून गेल्यावर मला घाम फुटला. पण तेवढ्यात गोदाक्का मदतीला आल्या. त्या ऐकायला आमच्या दारातच येऊन उभ्या होत्या. "त्यांचं खरं हाय गं. माझ्या डब्यातला गूळ परवापासनं पाझरायलाय. खाली ताटली ठेवलीया मी."

छबू माझ्याकडं बघत राहिली. "हितं जवळ बसा," ती म्हणाली. "नीट सांगा परत. मला ते हवेचं कळलं न्हाई."

मी तिच्यासमोर बसलो आणि रव्यापासून परत सुरुवात केली. ती पुढं वाकून ऐकत होती. मी दमट हवेपर्यंत पोचलो तेव्हा तिनं मला हातानं थांबवलं.

"बरं," ती म्हणाली. तिनं डबा फडताळात ठेवला, ताटावरचं झाकण काढलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. "उद्या चढला तर मात्र गूळबिळ काही ऐकणार न्हाई मी."

"उद्या ऊन पडंल," मी म्हणालो.

ती हसली. फार हसली. घास अडकला म्हणून मी तिला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवसापासून माझा प्रत्येक आकडा चाचा मागं उभं राहून परत वाचायचे, आणि मग मी मोठ्यानं सांगायचो. गाड्यावाल्यांना उशीर व्हायचा, पण चूक झाली नाही. शेवटचे चार दिवस मी आरती होईपर्यंत पाण्याशिवाय काही तोंडाला लावलं नाही. सहाव्या माळेला साडेत्रेसष्ट, नवव्या माळेला साडेबासष्ट. दसऱ्याला छबूनं पुरणपोळ्या केल्या आणि मला म्हणाली, खावा आता किती खायच्या त्या. नऊ दिवस मी सहा पोळ्यांची स्वप्नं बघितली होती. दोनच गेल्या. पोट आवळून गेलं होतं. तिसरी समोर ठेवून मी तिच्याकडं नुसता बघत बसलो आणि बसल्या जागी झोपलो.

चार दिवसांत काट्यावर परत साडेपासष्ट भरलो. चाचा म्हणाले, "गेलं ते पाणी हुतं, आलं ते पण पाणीच. दहा दिवस गल्ली उगीच जमवली तू."

माघात विजया झाली. दोन किलो सातशे. नर्सबाईंनी आकडा सांगितला, पण मी पुढं होऊन काटा स्वतः वाचला. दोनदा वाचला. छबू खाटेवरून म्हणाली, "बरोबर हाय न्हवं? का हवा दमट हाय?"

त्यावेळी मला वाटलं, आता सांगावं. पण विजया रडायला लागली. नंतर बारशाला वाटलं. मग पुढच्या नवरात्रात छबूनं परत स्वतः उपास धरला तेव्हा वाटलं. पण ती वरीचा भात खात मजेत बसली होती आणि मला म्हणत होती, हितं बघा की. म्हटलं कशाला. मग ते राहूनच गेलं. चाचा वारले, गोदाक्का वारल्या, काटे विजेचे झाले, मी घरी बसलो. विजयाचं लग्न झालं, तिला मुलगा झाला. दर नवरात्रात आभाळ आलं की छबू म्हणायची, "आज जपून हां, वजन वाढंल." मला वाटायचं, तिला अजून ते खरंच वाटतंय.

गेल्या वर्षी छबूला जाऊन वर्ष झालं नव्हतं म्हणून घट बसवले नव्हते. यंदा ते बसवायला विजया सांगलीहून आली. आई नाही म्हटल्यावर तिलाच यावं लागलं. तिनं फडताळातून डबा काढला आणि तो पुसत विचारलं, "आण्णा, यंदा एक माणूस कोण?"

"मीच धरतो की. सवय हाय मला."

"तुम्हाला साखरेच्या गोळ्या चालू आहेत. मी धरणार." मग ती हसली. "आणि तुमची सवय मला माहीत आहे. पाचव्या माळेला दीड भाकरी आणि लसणाची चटणी."

मी हातातली माळ खाली ठेवली. "तुला कुणी सांगितलं?"

"आईनं. मला दिवस होते आणि नवरात्राचा उपास करायचा होता, तेव्हा. तिनं करू दिला नाही. म्हणाली, तुझ्या वेळेला तुझ्या बापानं धरला आणि पाचव्या दिवशी मोडला, तरी तू झालीसच की."

"तिला चाचांनी सांगितलं?"

"चाचांना तिनं नंतर कधीतरी विचारलं, नेमक्या भाकरी किती म्हणून. पण कळलं तिला त्याच दिवशी. आई म्हणायची, उपाशी माणसाच्या तोंडाला एक वास येतो. शिळा, थोडा गोडसर, जास्त पिकलेल्या फळासारखा. नेमानं धरलेला उपास असला तर तो येतोच, कितीही चुळा भरल्या तरी. आजीच्या तोंडाला यायचा, तिच्या स्वतःच्या यायचा. तुमच्या तोंडालाही तिसऱ्या दिवसापासून यायला लागला होता. पाचव्या दिवशी तिनं तुम्हाला जवळ बसवलं, तर वास नव्हता. लसूण होता."

घटासाठी पसरलेली माती ओली होती. तिच्यात विजया बोटानं गहू सारखे करत होती.

"मग ती जेवली कशी?"

"मीही हेच विचारलं. म्हणाली, तुझ्या बापाला अकरा वर्षांत अर्ध्या किलोचं खोटं बोलता आलं न्हवतं. त्या दिवशी माझ्या ताटासाठी घाम गाळत अर्धा तास गुळावर बोलला. दोनदा बोलला. नेम मोडला तो मोडला, वर मी उपाशी राहिले असते तर त्यांचं बोलणंपण फुकट गेलं असतं." विजयानं बोटाची माती झटकली. "म्हणाली, त्या दिवसानंतर मला भीती वाटायची थांबली. देवीचं काय, तिला सगळं कळतंय, मी मध्ये कशाला बोलू."

"मग मला का बोलली न्हाई कधी?"

"तुम्हीच सांगाल म्हणून थांबली होती. मी म्हटलं तिला, विचारून टाक की एकदा. तर म्हणाली, नको, लाजाळू माणूस हाय, सांगतील कधीतरी."

विजयानं मातीवर पाणी शिंपडलं आणि घट बसवला. मी माळ बांधली. दोरा लांब झाला होता, तो तिनं तोडून दिला.

छबू चाळीस वर्षं थांबली. पाचव्या माळेला मी दीड भाकरी खाल्ली, हे तिला माझ्या तोंडून सांगायचं राहिलं आहे.